फाइल सर्व्हरचा लॉग डिस्क खाऊन टाकतो तेव्हा: साम्बा सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

नोव्हेंबर महिना, कापसाचा हंगाम भरात. हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमधून सकाळी साडेनऊला फोन आला. "भाऊ, काट्याची पावती नाई निघून राहिली. गेटापासून रोडलोक गाड्या लागल्या जी."

काटा ठीक होता, प्रिंटरही ठीक होता. काट्यावरचा कॉम्प्युटर प्रत्येक गाडीची नोंद ऑफिसातल्या सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये लिहितो, आणि तिथे लिहायला जागाच उरली नव्हती. सर्व्हर म्हणजे एक जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू लिनक्स आणि साम्बा (विंडोजच्या कॉम्प्युटरांना शेअर फोल्डर पुरवणारा प्रोग्राम), १२० जीबीची एसएसडी. त्यातले ७१ जीबी एकट्या लॉग फाइलने, म्हणजे साम्बा आपल्या कामाची नोंद लिहितो त्या फाइलने, व्यापले होते. ती फाइल माझ्यामुळेच वाढली होती. दसऱ्याच्या आधी काट्याचा कॉम्प्युटर शेअरला जोडला जात नव्हता म्हणून मी लॉगची पातळी (तो किती बारीक तपशील लिहितो ते ठरवणारा आकडा) १० केली, सुरुवातीच्या ओळी हातच्या जाऊ नयेत म्हणून आकाराची मर्यादा काढली, काम झालं आणि दोन्ही तसंच राहिलं. शेतकरी पहाटे गाडी भरून निघालेला असतो. त्याला दोन तास उन्हात उभं राहावं लागलं, ते मला अजून लागतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे.

हा लेख शाळेत, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत किंवा जिनिंगमध्ये पहिल्यांदाच असा सर्व्हर ज्यांच्या गळ्यात पडला आहे त्यांच्यासाठी आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा, रेघा-टिंबं जशीच्या तशी. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. जवळजवळ प्रत्येक कमांडच्या आधी ‘सुडो’ लागेल, त्याने मुख्य वापरकर्त्याचे हक्क मिळतात.

आधी हात आवरा

डिस्क भरली की दोन गोष्टी हातून पटकन होतात. सर्व्हर रीस्टार्ट करणं आणि मोठी फाइल उडवणं. दोन्ही लगेच करू नका.

रीस्टार्ट केलं तर ज्यांच्या फाइली उघड्या आहेत त्यांचं लिखाण अर्ध्यावर तुटतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा शेअरवर असेल तर तो बिघडू शकतो, आणि मग जागेच्या अडचणीवर हिशेबाची अडचण चढते. कोण जोडलेलं आहे, कोणती फाइल उघडी आहे हे ‘एसएमबीस्टेटस’ सांगतं. ते एकदा बघून घ्या.

फाइल उडवण्याचा घोटाळा वेगळा आहे. लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रामने उघडून ठेवलेली फाइल ‘आरएम’ने काढली तर तिचं नाव जातं, जागा मोकळी होत नाही. साम्बा प्रत्येक जोडणीसाठी ‘एसएमबीडी’ या आपल्या मुख्य प्रोग्रामची वेगळी प्रक्रिया चालवतं, आणि त्या प्रक्रियांनी लॉग धरून ठेवलेला असतो. सगळ्यांनी तो सोडेपर्यंत डिस्क भरलेलीच दिसते, वर आता वाचायला फाइलही नसते. हे आधीच होऊन गेलं असेल तर ‘एलसॉफ +एल१’ चालवा, यातला १ च्या आधीचा एल मोठा. नाव गेलेल्या पण अजून धरलेल्या फाइली त्यात दिसतात. ‘एसएमबीकंट्रोल ऑल रीलोड-कॉन्फिग’ दिल्यावर लॉग नव्याने उघडले जातात आणि बहुधा जागा सुटते. नाहीच सुटली तर जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांना फाइली बंद करायला सांगून, साम्बा रीस्टार्ट करा.

जागा कुठे गेली?

‘डीएफ -एच’. प्रत्येक डिस्क किती भरली ते यात दिसतं. सोबत ‘डीएफ -आय’ही बघा. कधी कधी जीबी शिल्लक असतात पण आयनोड संपलेले असतात, म्हणजे लहान लहान फाइलीच इतक्या झालेल्या असतात की नवी फाइल बनवता येत नाही. संदेश दोन्ही वेळा तोच येतो, जागा नाही.

इथे नवा माणूस एका गोष्टीने गोंधळतो. वापरलेली जागा एकूण जागेपेक्षा कमी दिसते, तरी शिल्लक शून्य. ईएक्सटी४ प्रकारची डिस्क साधारण ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते. साध्या वापरकर्त्याचं लिखाण त्या रेषेवर थांबतं. लॉग मात्र रूटच्या हक्काने लिहिला जातो, म्हणून तो राखीव जागेतही घुसतो. त्या दिवशी पावत्या थांबल्या होत्या आणि लॉग वाढतच होता, त्याचं कारण हेच.

पुढे ‘डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार | सॉर्ट -एच’. सगळ्यात मोठा फोल्डर शेवटच्या ओळीवर येतो. मग त्याच्या आत तेच. साम्बाचे लॉग बहुतेक ठिकाणी ‘/व्हार/लॉग/साम्बा’ इथे असतात. तिथे ‘एलएस -एलएचएस’ द्या, यातला शेवटचा एस मोठा. फाइली आकाराप्रमाणे लागतात. तिथेच ‘कोर्स’ नावाचा फोल्डर असेल तर तोही बघा. साम्बा कोसळलं की त्याच्या स्मृतीची प्रत तिथे पडते, आणि त्या प्रती मोठ्या असतात.

साम्बाचा फोल्डर लहान निघाला तर जर्नल, म्हणजे लिनक्सची स्वतःची नोंदवही, तपासा, ‘जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज’. आणि ‘/व्हार/लॉग/सिसलॉग’ बघा. शेअरवर ‘फुल ऑडिट’ हे मॉड्यूल लावलेलं असेल तर कोणी कोणती फाइल उघडली, कोणी काढली ही नोंद साम्बाच्या फोल्डरात न जाता सिसलॉगमध्ये जाते. साम्बाच्या लॉगला घातलेली मर्यादा तिथे चालत नाही.

पाणी बंद करा, मग उपसा

फाइल सापडली, ती डोळ्यांसमोर वाढते आहे. आधी लिखाणाचा जोर कमी करा: ‘एसएमबीकंट्रोल ऑल डिबग १’. चालू जोडण्या न तोडता लॉगची पातळी लगेच १ वर येते.

कॉन्फिग फाइल, म्हणजे साम्बाची सेटिंगची फाइल, या क्षणी उघडू नका. डिस्क काठोकाठ भरलेली असताना एडिटरने सेव्ह करताना जुना मजकूर पुसला आणि नवा लिहायला जागा मिळाली नाही, तर ‘एसएमबी.कॉन्फ’ रिकामी होते. मग शेअर कुठले, हक्क कोणाचे, सगळं आठवून लिहावं लागतं. जागा मोकळी झाल्यावरच तिला हात लावा.

मोकळं करण्याआधी थोडा नमुना ठेवा. ‘टेल -एन ५०००’ने शेवटच्या ओळी काढून पेन ड्राइव्हवर घ्या. त्याच डिस्कवर घ्यायला गेलात तर जागा नाही म्हणूनच नकार येईल. आणि ७१ जीबीची फाइल कधीही साध्या एडिटरमध्ये उघडू नका. ती मेमरीत चढवण्याच्या नादात अख्खा सर्व्हर गोठतो. वाचायची तर ‘लेस’ने.

आता फाइल न काढता तिचा आकार शून्य करा: ‘ट्रंकेट -एस ०’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता. साम्बा लॉगच्या शेवटी जोडत जातं, त्यामुळे चालू असतानाही हे सुरक्षित आहे. पुन्हा ‘डीएफ -एच’ बघा. मी हे केलं त्यानंतर मिनिटभरात काट्यावरून आवाज आला, "निघाली भाऊ, निघाली."

जर्नल मोठं असेल तर ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्युम-साइज=२००एम’, यातला शेवटचा एम मोठा. जुनं तेवढं जातं, ताजं २०० एमबी राहतं.

लॉग काय ओरडतो आहे ते वाचा

माझ्या मते या सगळ्या कामात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा टाळला जातो. जागा सुटली, गाड्या हलल्या, चहा आला, आणि पंधरा दिवसांनी तोच फोन पुन्हा. लॉग स्वतःहून वाढत नाही. एक तर त्याला जास्त बोलायला सांगितलेलं असतं, नाही तर कोणतं तरी यंत्र एकच चूक दिवसभर करत असतं.

दोन्हींत फरक ओळखायची सोपी खूण आहे. साम्बाच्या नोंदीची पहिली ओळ चौकटी कंसाने सुरू होते. आत तारीख, वेळ, स्वल्पविराम आणि मग एक आकडा:

[२०२३/११/२१ ०९:१४:०७.३१८२२४, ३]

स्वल्पविरामानंतरचा तो ३ म्हणजे नोंदीची पातळी. नमुन्यात ३, ५, १० असे आकडे भरपूर दिसले तर पातळी वर चढवून ठेवलेली आहे. साम्बाच्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे की १ च्या वरची पातळी फक्त अडचण शोधताना वापरावी आणि ३ च्या वरच्या पातळ्या साम्बा बनवणाऱ्यांसाठी आहेत. नुसते ० आणि १ असूनही फाइल फुगली असेल, तर तिथे खरी तक्रार आहे आणि ती सारखी सारखी येते आहे.

तक्रार कंसाखालच्या, थोड्या आत सरकलेल्या ओळीत असते. एकच वाक्य वारंवार दिसलं की ‘ग्रेप -सी’ने मोजा. पाच हजारांतल्या चार हजार ओळी एकाच वाक्याच्या असतील, तर कारण सापडलंच समजा. नेहमी भेटणाऱ्या तक्रारी अशा:

चुकीचा पासवर्ड. ओळीत ‘राँग पासवर्ड’ किंवा ‘लॉगऑन फेल्युअर’ असतं, सोबत वापरकर्त्याचं नाव. शेअरचा पासवर्ड बदलला, पण कोण्या एका विंडोजमध्ये जुना साठवलेला राहिला. ते यंत्र बिचारं थकत नाही, जोडायचा प्रयत्न करतच राहतं. ही नोंद पातळी २ पासून पुढे उमटते, म्हणून पातळी चढवलेली असेल आणि असं एखादं यंत्र असेल तर दोन्ही मिळून डिस्क खातात. त्या विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, सर्व्हरची जुनी नोंद काढा, ड्राइव्ह नव्याने जोडा. यंत्र ओळखीचं नसेल तर मात्र थांबा. कोणी पासवर्ड चाचपून तर बघत नाही ना, याची चौकशी आधी करा.

प्रिंटर नसलेला सर्व्हर. कप्सला (लिनक्सच्या प्रिंट सेवेला) जोडता येत नाही, पोर्ट ६३१ नाकारलं, अशी ओळ. साम्बा ठरावीक वेळाने प्रिंटरांची यादी मागतं (मूळ सेटिंग ७५० सेकंदांचं, म्हणजे दर साडेबारा मिनिटांनी) आणि प्रिंटची सेवाच चालू नसेल तर प्रत्येक वेळी तक्रार लिहितं. यातून लॉग धो धो वाढत नाही, पण थांबतही नाही. आपल्याकडचे बहुतेक प्रिंटर ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरला लावलेले असतात, सर्व्हरला त्यांच्याशी घेणं नसतं. ‘ग्लोबल’ विभागात या चार ओळी घाला: लोड प्रिंटर्स = नो, प्रिंटिंग = बीएसडी, प्रिंटकॅप नेम = /डेव्ह/नल, डिसेबल स्पूलएसएस = येस. ही तक्रार बंद होते.

जुना स्कॅनर किंवा विंडोज एक्सपी. कोणताच प्रोटोकॉल जुळला नाही, अशा अर्थाची ओळ. २०१९ मध्ये आलेल्या साम्बा ४.११ पासून एसएमबी१ (फाइल शेअर करण्याचा जुना प्रोटोकॉल) मुळातच बंद असतो, आणि ही जुनी यंत्रं तेवढंच बोलतात. ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१’ लिहिलं की चालतं, असं कोणी ना कोणी सांगतंच. माझा सल्ला, करू नका. २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या एसएमबी१ मधल्या भोकातूनच. स्कॅनरमध्ये एफटीपीची किंवा पेन ड्राइव्हवर स्कॅन करायची सोय असेल तर ती वापरा.

तुटलेली जोडणी. समोरच्याने जोडणी तोडली, दुसरं टोक जोडलेलं नाही, अशा ओळी. थोड्या असतील तर सोडून द्या. विंडोज दोन पोर्टांवर एकदम दार वाजवतं आणि एक उघडलं की दुसरं सोडून देतं, त्याचीही अशीच नोंद पडते. पण एकाच यंत्राच्या नावाने दिवसभर येत असतील तर वायर धरून चालत जा. एका शाळेत लॉगने मला थेट स्विचपर्यंत नेलं. सर्व्हर इन्व्हर्टरवर होता, स्विचचा अॅडाप्टर मात्र साध्या बोर्डात, आणि तो प्लग ढिला. पंखा सुरू झाला की स्विच बंद-चालू व्हायचा. प्लग बदलला, स्विच इन्व्हर्टरवर घेतला, लॉग शांत झाला.

आता मर्यादा घाला

जागा आहे, कारण कळलं आहे, आता ‘/ईटीसी/साम्बा/एसएमबी.कॉन्फ’ उघडा. आधी तिची एक प्रत काढा. ‘ग्लोबल’ विभागात:

लॉग लेव्हल = १
मॅक्स लॉग साइज = १०००
लॉग फाइल = /व्हार/लॉग/साम्बा/लॉग.%एम

आकार केबीमध्ये असतो, म्हणजे १००० म्हणजे साधारण १ एमबी. ही ओळच नसेल तर साम्बा ५००० धरतं. शून्य म्हणजे मर्यादाच नाही. माझ्याकडे तेच झालं होतं. मर्यादा गाठली की साम्बा जुन्या फाइलच्या नावापुढे ‘.ओल्ड’ लावून नवी सुरू करतं. म्हणून हिशेब दुपटीचा करा.

‘%एम’ म्हणजे प्रत्येक यंत्राची वेगळी फाइल. शोधायला हे फार सोयीचं. पण मर्यादा दर फाइलला लागते, सगळ्यांना मिळून नाही. ४० यंत्रं, प्रत्येकी ५ एमबी, वर तेवढीच जुनी, म्हणजे ४०० एमबी. शिवाय फाइलला कधी यंत्राचं नाव येतं, कधी आयपी पत्ता. राउटर रोज नवे पत्ते वाटत असेल तर फाइलींची संख्या वाढत जाते आणि जुन्या कोणी काढत नाही. काटा, कॅश, ऑफिस अशा ठरलेल्या यंत्रांना राउटरमध्येच पत्ते बांधून द्या.

सेव्ह केल्यावर ‘टेस्टपार्म’ चालवा. चूक असेल तर तो सांगतो. मग ‘एसएमबीकंट्रोल ऑल रीलोड-कॉन्फिग’, आणि पातळी खरंच उतरली का हे ‘एसएमबीकंट्रोल एसएमबीडी डिबगलेव्हल’ने विचारा.

जर्नलला मर्यादा घालायची तर ‘/ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ’ मध्ये ‘सिस्टममॅक्सयूज=२००एम’. यात सिस्टम, मॅक्स, यूज या तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर आणि शेवटचा एम मोठा. काही लिहिलं नाही तर ते डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत जातं, फार तर ४ जीबी. लहान एसएसडीवर तेही जास्तच.

लॉगरोटेट चालतो आहे का?

जुने लॉग गुंडाळून ठेवणं आणि अति जुने काढणं हे लॉगरोटेटचं काम. तो आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण आपल्याकडे संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विचच पाडायची पद्धत आहे, आणि डेबियन-उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत रोजचं काम सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी लागायचं. त्या वेळी यंत्र बंद. अॅनाक्रॉन (हुकलेली कामं नंतर करणारा प्रोग्राम) नसेल तर ते काम त्या दिवशी होतच नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मी एका पतसंस्थेत वर्षभर एकदाही न फिरलेले लॉग पाहिले आहेत. नव्या आवृत्त्यांत हे काम सिस्टमडीच्या टायमरवर आहे, हुकलेली वेळ तो यंत्र चालू झाल्यावर भरून काढतो. तुमच्याकडे काय आहे ते ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’मध्ये बघा. शेवटी कधी फिरला ते ‘/व्हार/लिब/लॉगरोटेट/स्टेटस’ या फाइलमध्ये तारखेसह लिहिलेलं असतं.

तारीखच चुकीची दिसली तर बहुधा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. लाइट गेली की घड्याळ मागे जातं, लॉगमधल्या तारखांवर विश्वास ठेवता येत नाही आणि लॉगरोटेटचं गणितही चुकतं. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो बदलल्याशिवाय पुढचा शोध घेऊ नका.

‘/ईटीसी/लॉगरोटेट.डी/साम्बा’ ही फाइलही उघडून बघा. डेबियन-उबुंटूत तिच्यात साम्बाच्या मुख्य लॉगचीच नावं असतात. यंत्रागणिक पडणाऱ्या फाइली त्यात येत नाहीत, त्यांची राखण साम्बाच्या मर्यादेवरच आहे. बदल केलात तर ‘लॉगरोटेट -डी /ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ’ चालवा. काहीही न बदलता तो काय करणार आहे तेवढंच सांगतो.

पुढच्या वेळी पातळी चढवायची तर

चढवावी लागतेच. पण सगळ्या सर्व्हरची नको. ‘एसएमबीस्टेटस’मध्ये त्या एका यंत्राच्या प्रक्रियेचा क्रमांक बघा आणि ‘एसएमबीकंट्रोल’ला ‘ऑल’ऐवजी तो क्रमांक द्या. ते यंत्र सुटलं की त्याची वाढलेली पातळीही संपते, कॉन्फिगमध्ये काही उरत नाही. नुसता पासवर्डचा घोळ शोधायचा असेल तर ‘लॉग लेव्हल = १ ऑथ:३’ पुरतं, बाकी सगळं शांत राहतं. आणि कॉन्फिगमध्ये बदल केलाच, तर तिथून उठण्याआधी मोबाइलवर संध्याकाळचा गजर लावा. मी आता तसंच करतो.

शेवटची एक सोय जिनिंगमधल्या दिवाणजींसाठी केली. ते टर्मिनल उघडणार नाहीत आणि उघडायची गरजही नाही. ‘सुडो क्रॉनटॅब -ई’मध्ये एक ओळ घातली:

० ९ * * * डीएफ -एच / > /एसआरव्ही/ऑफिस/जागा.टीएक्सटी

रोज सकाळी ९ वाजता शेअर फोल्डरमध्ये ‘जागा’ नावाची फाइल ताजी होते. दिवाणजी गेट उघडायच्या आधी ती उघडतात आणि टक्क्याचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीत पेनाने लिहितात. ८०च्या वर गेला की मला फोन करायचा, एवढंच ठरलं आहे.

संक्रांतीच्या आसपास एकदा आला. "भाऊ, काल बासष्ट होते, आज एक्क्यांशी दाखवून राहिलं." गाड्या यायच्या होत्या, मी घरूनच बघितलं. लॉग नव्हता. कोणी तरी मुलाच्या लग्नाचं शूटिंग शेअरवर टाकलं होतं.